श्रद्धेची साक्ष आणि तरुण मन

ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एकच शब्द उभा राहतो : धर्मांतर. आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो शब्द उभा राहिला आहे, हे ध्यानात आले की बोलणाऱ्याचीही जीभ अडखळते. मग एक तर तो गप्प बसतो, नाही तर पाठ केलेले बोलून मोकळा होतो. दोन्हींत नुकसान होते ते विचारू पाहणाऱ्या तरुणाचे. त्याला खरोखर काही जाणून घ्यायचे असते, पण एकीकडे संशय आणि दुसरीकडे संकोच, ह्यांच्या मध्ये त्याचा प्रश्न तसाच राहून जातो.

आमचा आजचा विषय एवढाच आहे : ज्या तरुणाची स्वतःची काही श्रद्धा आहे, त्याला ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा कशी सांगावी? आजवर ती कशी सांगितली गेली, त्यातले काय टिकले, आणि कोठे थांबले पाहिजे? आम्ही हे मराठी ख्रिस्ती म्हणून सांगत आहोत, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांची श्रद्धा आमच्याहून निराळी आहे हे जाणून सांगत आहोत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे दहा लाख ऐंशी हजार होती, म्हणजे शेकडा एकाच्या आत. तेव्हा आमच्या मुलांचे शेजारी, सोबती, वर्गबंधू हे जवळजवळ सारे अन्यधर्मीयच असणार. हा प्रश्न आमच्या दृष्टीने पुस्तकी नाही, तो रोजच्या शेजाराचा आहे.

प्रथम शब्द नीट करून घेऊ. ‘शुभवर्तमान’ हा मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ आहे : आनंदाची बातमी. बातमी आणि युक्तिवाद ह्यांत फरक आहे. युक्तिवाद जिंकायचा असतो, बातमी कळवायची असते. ज्याला ती कळली त्याने ती खरी मानावी की नाही, हे त्याच्याकडे राहते. ख्रिस्ती मंडळींत ह्यासाठी ‘साक्ष’ असा शब्द रूढ आहे, आणि तो न्यायालयातल्या अर्थानेच घ्यावा. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगायचे असते. निकाल देणे त्याचे काम नव्हे, आणि निकाल आपल्यासारखा लागावा म्हणून पंचांना भेटणे तर नव्हेच नव्हे. साक्ष, संवाद आणि धर्मांतर ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकात एक मिसळल्या म्हणजे सगळा घोटाळा होतो.

महाराष्ट्रात हा घोटाळा कसा झाला, ते इतिहासात पाहण्यासारखे आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढल्या, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी जाहीर वादविवाद सुरू केले. १८३१ साली त्यांचा मोरभट दांडेकरांशी वाद झाला, आणि मोरभटांनी आपल्या बाजूचे पुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी ह्यांच्या वादसभा आठवड्यांमागून आठवडे चालल्या. ह्या वादांचा लाभ मुळीच झाला नाही असे म्हणता येणार नाही. दोन्ही पक्षांना एकमेकांचे ग्रंथ उघडावे लागले, मराठी गद्याला तर्काची सवय लागली. परंतु वादसभेत एकजण हरावाच लागतो, आणि हरलेला माणूस मन उघडत नाही, ते घट्ट मिटून घेतो. त्या सभांतून मने वळल्यापेक्षा बाजू बांधल्या गेल्या, असेच दिसते.

ह्याहून कठीण प्रसंग शाळांतून उद्भवले. १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्यांनी, बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. धनजीभाईंना हवे तिकडे जाण्याची मोकळीक मिळाली, पण पालकांनी धडाधड मुले शाळेतून काढली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री ह्या अल्पवयीन मुलाचे प्रकरण उभे राहिले. त्याचा थोरला भाऊ नारायण शेषाद्री ह्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, आणि त्यांना स्वकीयांचाच विरोध सोसावा लागला.

ह्या दोन प्रकरणांत कायदा कोणाच्या बाजूने होता हा एक भाग झाला. दुसरा भाग घरातला आहे. त्या काळी धर्म बदलणे म्हणजे जेवणाची पंगत, सोयरीक, वारसा, आईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याचा अधिकार, हे सारे एका दिवसात तुटणे. ज्या आईबापांनी इंग्रजी शिकावे म्हणून मुलगा शाळेत घातला, त्यांना आपला मुलगा चोरला गेला असे वाटले. मिशनऱ्यांना वाटले की एका जीवाला सत्य गवसले. दोघांनाही आपापल्या जागी खरे दुःख आणि खरा आनंद होता. पण त्या दुःखाची आठवण पिढ्यानुपिढ्या उतरत आली आहे, आणि आज ख्रिस्ती माणूस तोंड उघडतो तेव्हा ती आठवण त्याच्या आधी बोलते. ती कोठून आली, हे ख्रिस्ती माणसाने जाणले पाहिजे. नाही तर समोरच्याचा संशय त्याला नुसता द्वेष वाटेल.

आता दुसरे उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव श्रोत्यांना परके नाही. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे काव्याचे निघाले, मग धर्माचे निघाले, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही त्यांनी केले, असे सांगतात. त्यांचे नाव टिळकांना पुढे कधी कळले नाही. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती डोंगरावरील प्रवचनाने, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थांनी केले एवढेच : त्यांनी टिळकांच्या कवित्वाची कदर केली, पुस्तक हातात ठेवले, आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. पुढचे काम पुस्तकाचे आणि वाचणाऱ्याचे होते.

परंतु ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लक्ष्मीबाईंना हे आधी सांगितले गेले नव्हते. पुढे काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या, आणि त्या काळाची वेदना त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त विनोदाच्या आडून सांगितली आहे. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण पतीच्या उपदेशाने नव्हे. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि तेथून त्या आपल्या पायांनी चालत आल्या. एकाच घरातल्या दोघांच्या ह्या दोन वाटा ध्यानात ठेवाव्या. एकाला काव्य आणि ग्रंथ यांतून, दुसरीला पाण्याच्या घागरीला लागणाऱ्या विटाळाच्या प्रश्नातून. तरुण मंडळींना एकच ठराविक प्रवचन ऐकवू पाहणाऱ्याला ह्याहून चांगला धडा नाही.

टिळकांनी पुढे जे केले ते आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. ख्रिस्ताकडे येताना आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत, आणि तो पूल त्यांनी मोडला नाही. अभंग, ओवी, कीर्तन ही मराठी भक्तीची साधने त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेला लावली. त्यांच्यापूर्वी तीन शतके फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात हीच दृष्टी दाखविली होती. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले, मराठी शिकले, आणि त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. टिळक आणखी एक पाऊल पुढे गेले. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली : ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनी घेतलेला नाही, अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ. १९१९ साली ते वारले आणि कल्पना अपुरी राहिली. तथापि प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. ख्रिस्तावर प्रेम करणे आणि एका समाजातून उठून दुसऱ्या समाजात जाऊन बसणे, ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? ख्रिस्ती मंडळ्यांत ह्यावर आजही एकमत नाही.

तिसरे उदाहरण डॉ. स्टॅन्ली जोन्स ह्यांचे. हे अमेरिकन मिशनरी १९०७ साली हिंदुस्थानात आले. सुशिक्षित तरुणांपुढे बोलताना त्यांच्या ध्यानात आले की पाश्चात्त्य संस्कृती, साम्राज्य आणि ख्रिस्त ही तिन्ही ऐकणाऱ्याला एकाच गाठोड्यात दिसतात. ते गाठोडे सोडून केवळ ख्रिस्ताविषयी बोलायचे, असे त्यांनी ठरविले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात गांधीजींशी झालेले संभाषण आहे. ख्रिस्ती धर्म ह्या देशात परका वाटू नये म्हणून काय करावे, असे त्यांनी विचारले. गांधीजींनी सांगितलेल्या गोष्टींचा आशय असा : ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तासारखे जगावे, आपला धर्म पातळ न करता आचरावा, प्रेमावर भर द्यावा, कारण तेच त्या धर्माचे मर्म आहे, आणि इतर धर्मांचा अभ्यास सहानुभूतीने करावा. ह्यातली दुसरी गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. समोरच्याला बरे वाटावे म्हणून आपली श्रद्धा सौम्य करून सांगा, असे गांधीजी म्हणाले नाहीत.

जोन्स ह्यांनी नंतर गोलमेज बैठकींची पद्धत काढली. १९२८ साली त्यांनी तिच्याविषयी लिहिले. पंधराएक अन्यधर्मीय आणि पाच-सहा ख्रिस्ती असे एकत्र बसत. नियम साधे होते. कोणी दुसऱ्याच्या धर्मावर टीका करायची नाही, उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. प्रत्येकाने एवढेच सांगायचे की, माझ्या धर्माने माझ्या जीवनात, माझ्या अनुभवात काय केले. अनुभव सांगायची वेळ आली म्हणजे ऐकीव तत्त्वज्ञान फार वेळ पुरत नाही. पंडितालाही ‘मला काय मिळाले?’ ह्या प्रश्नापुढे थांबावे लागते, आणि धर्मोपदेशकालाही.

ही पद्धत आजच्या तरुणाला अधिकच लागू पडते. कारण आजचा विशी-तिशीतला मराठी तरुण एका पोथीत बसणारा नाही. कोणी आषाढीला वारीत चालतो आणि एरवी देवळात जात नाही. कोणी इगतपुरीस दहा दिवस मौन पाळून विपश्यना करून येतो. कोणाच्या आजोबांनी १९५६ साली नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्म घेतला, आणि तो स्वतः आता त्याचा अर्थ शोधीत आहे. कोणी देव मानीत नाही पण ‘काही तरी शक्ती आहे’ असे म्हणतो. कोणी सर्व धर्म सारखे म्हणतो आणि एकाही धर्माकडे वळत नाही. आणि ख्रिस्ती घरातला तरुणही ह्याच गर्दीतला आहे, हे विसरून चालणार नाही.

ह्या निरनिराळ्या मनांशी बोलताना सर्वांत मोठी अडचण शब्दांची असते. ‘येशू हाही एक अवतारच,’ असे एखादा तरुण प्रेमाने म्हणतो. येथे ख्रिस्ती माणसाने रागावू नये, आणि घाईने मानही डोलवू नये. गीतेतील अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा होतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाने मनुष्यदेह घेतला तो एकदाच, इतिहासातल्या एका ठिकाणी, पंतय पिलात ह्या रोमी सुभेदाराच्या अमदानीत त्याला वधस्तंभावर मरण आले, आणि तो पुन्हा उठला. हा फरक शांतपणे सांगितला तर तरुणाला राग येत नाही. उलट आपले म्हणणे कोणी गंभीरपणे घेतले, असे त्याला वाटते. ‘मोक्ष’ आणि ‘तारण’ ह्यांचेही तसेच. एकात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे, दुसऱ्यात देवाशी तुटलेला संबंध पुन्हा जुळणे आहे. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान हे शब्द कानाला जवळचे, पण अर्थाने दूर. बौद्ध तरुणापुढे देवापासून आरंभ करण्यात अर्थ नाही. त्याच्या धर्माचा आरंभ दुःखापासून आहे, आणि वधस्तंभाविषयीचे बोलणेही दुःखापासूनच सुरू होऊ शकते. दोन्हींची उत्तरे एक नाहीत, परंतु प्रश्न एक आहे, आणि तेथे दोघांना बसता येते.

ह्यासाठी बायबलातच नमुना आहे. पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने नगरातल्या मूर्ती पाहून मनात संताप झाला असतानाही बोलण्याचा आरंभ तेथल्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून केला, आणि आधार दिला तो ग्रीक कवींचा. शेवटी काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि पौल तेथून निघून गेला. शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीत तर येशूने प्रथम उपदेश केला नाही, त्याने पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी भांडेपाण्याचा व्यवहार ठेवीत नसत. महाराष्ट्रातल्या वाचकाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याला काही द्यायचे आहे त्याने आधी समोरच्याच्या हातचे घ्यावे लागते.

आजच्या काळातली दोन उदाहरणे युरोपातली आहेत. फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात तेझे नावाचे खेडे आहे. ब्रदर रॉजर १९४० साली तेथे आले आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांतील बंधूंचा एक मठ त्यांनी उभा केला. २००५ साली प्रार्थनेच्या वेळी त्यांचा खून झाला, पण मठ चालू आहे. तेथे देशोदेशीचे तरुण आठवडाभर येऊन राहतात, साधे जेवण जेवतात, कामे वाटून घेतात, आणि दिवसातून तीनदा प्रार्थनेस बसतात. लहान लहान पदे पुन्हा पुन्हा गायची, आणि मध्ये बराच वेळ स्तब्ध बसायचे. ज्याने नामस्मरण केले आहे त्याला हे परके वाटणार नाही. कोणालाही ‘तू काय मानतोस?’ असे दारात विचारीत नाहीत. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मात्र काही बंधू मंदिरात थांबून राहतात. ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकावे, एवढ्यासाठी. दुसरे उदाहरण लंडनमधील ‘अल्फा’ वर्गाचे. १९७७ साली एका मंडळीत तो सुरू झाला, आणि १९९० नंतर देशोदेशी पसरला. आधी एकत्र जेवण, मग भाषण, मग चर्चा, आणि चर्चेत कोणताही प्रश्न निषिद्ध नाही, अशी त्याची रचना आहे. तेझेत मौनाला जागा आहे, अल्फात प्रश्नाला. तरुणांना दोहोंची गरज असते.

आता कोठे थांबावे, ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असे स्पष्ट केले की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे आहे. ख्रिस्ती मंडळ्यांनी स्वतःही ह्यावर विचार केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. २०११ साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ ह्यांनी मिळून बहुधर्मी जगात साक्ष कशी द्यावी ह्याची तत्त्वे प्रसिद्ध केली. आमिष दाखविणे, माणसाच्या दारिद्र्याचा वा गरजेचा फायदा घेणे, दुसऱ्याच्या धर्माविषयी खोटे बोलणे, ह्या गोष्टी शुभवर्तमानालाच धरून नाहीत, असा त्यांचा आशय आहे.

कायदा आणि ठराव ह्यांच्याखाली एक साधी कसोटी आहे, आणि ती आम्ही प्रथम आमच्याच लोकांपुढे ठेवतो. समजा, आमची वीस वर्षांची मुलगी विपश्यनेला जाऊन आली आणि म्हणाली, ‘बाबा, मला बुद्धाचे म्हणणे पटते आहे.’ तिला शांतपणे ऐकून घेण्याची, तिच्याशी बोलत राहण्याची, आणि तिचा निर्णय निराळा झाला तरी तिचे ताट घरात पूर्ववत मांडण्याची आमची तयारी आहे काय? ज्या स्वातंत्र्याची आम्ही शेजाऱ्याच्या मुलासाठी अपेक्षा करतो, ते आमच्या घरात नसेल, तर आमच्या साक्षीला किंमत नाही. हीच कसोटी शेजाऱ्यालाही लागू आहे. आमच्या मुलांनी वारीला जावे, ध्यान शिकावे, ह्याचे ज्यांना कौतुक वाटते, त्यांनी आपला मुलगा नाताळच्या उपासनेला जाऊन बसला म्हणून घरात वादळ उठवू नये.

ह्यावरून काही गोष्टी आपोआप निघतात. अज्ञान मुलाशी त्याच्या आईबापांच्या नकळत धर्माची बोलणी करू नयेत. आजारी, कर्जबाजारी, नुकताच दुःखात सापडलेला अशा माणसाला मदत अवश्य करावी, पण मदतीच्या पावतीवर श्रद्धेचा हिशेब लिहू नये. इंग्रजीचा वर्ग असेल तर तो इंग्रजीचाच असावा, आणि प्रार्थनासभा असेल तर पाटीवर प्रार्थनासभा असेच लिहावे. आणि तरुणाने ‘मला पटत नाही’ असे म्हटल्यावर मैत्रीचा सूर बदलला, तर ती मैत्री पहिल्यापासून नव्हतीच, हे त्याने ओळखले म्हणून समजावे.

इतके जपायचे तर मग सांगावे तरी कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीने आपले जीवन उभे राहिले ती जिवलगापासून लपवून ठेवणे हेही एक प्रकारचे परकेपण आहे. वारकरी आपल्या मित्राला पंढरीचे वर्णन सांगतो, विपश्यनेहून आलेला मौनाविषयी बोलतो, नास्तिक आपल्या शंका मांडतो. मग एकट्या ख्रिस्ती तरुणानेच तेवढे गप्प राहावे असे म्हणण्यात समता नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ह्या बोलण्याला सभेपेक्षा घर बरे, व्यासपीठापेक्षा जेवणाचे ताट बरे, आणि एका भेटीपेक्षा पुष्कळ वर्षांचा शेजार बरा.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ह्या प्रकारच्या व्यासपीठांनी महाराष्ट्राला एक सवय लावली आहे : न पटणारे म्हणणे पुरते ऐकून घ्यायचे, प्रश्न विचारायचे, आणि आपापले मत घेऊन घरी जायचे. ही सवय सभागृहाबाहेर, घराघरांत आणि वसतिगृहांत उतरली, तर विशीतल्या मुलामुलींना आपल्या श्रद्धेविषयी एकमेकांशी भीती न बाळगता बोलता येईल. त्यांतून कोणी ख्रिस्ताकडे वळेल, कोणी आपल्याच परंपरेत अधिक खोल उतरेल, कोणी शंका घेऊनच पुढे जाईल. तो निर्णय त्यांचा आहे. त्यांच्यापुढे खरे बोलणे आणि त्यांचे नीट ऐकणे, एवढे काम मात्र आम्हा वडीलधाऱ्यांचे आहे.